बॉनेट उघडायचं कोणी?

गेल्या मे महिन्यात एका दुपारी वांद्र्याच्या कलानगर सिग्नलजवळ आमच्या संस्थेची गाडी तापून बंद पडली. गाडी मी चालवत होते. मागे वस्तीतल्या एक ताई, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि साक्षीसाठी दहिसरहून आणलेली त्यांची बहीण. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात दुपारच्या सत्रात ताईंच्या पोटगीच्या अर्जाची तारीख होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दहिसर ते वाकोला गाडी नीट आली. खेरवाडीपाशी रांग लागली आणि टेम्परेचरचा काटा मधल्या खुणेवरून वर सरकायला लागला. तो मला दिसला होता, हे कबूल करते. पण ‘पाच मिनिटांत पोचतोच’ म्हणत मी रेटत राहिले. पुकारा झाला आणि अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली निघाला तर, हीच एक भीती डोक्यात. काटा लाल पट्ट्यात शिरला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. कशीबशी गाडी कडेला घेतली.

अशा वेळी मदतीला पुरुष किती लवकर गोळा होतात! कोणी ‘बाई चालवतेय’ असं म्हणत, कोणी खरोखर चांगुलपणाने. एक रिक्षावाले भाऊ पाण्याची बाटली घेऊन आले, बॉनेट वर केलं आणि गळ्यातला रुमाल काढून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मागून ताई ओरडल्या, “भाऊ, हात लावू नका! तोंड भाजेल. अर्धा तास कोणी हात लावायचा नाही.”

भाऊ थांबले. मीही थांबले, कारण मीसुद्धा तेच करणार होते. एम.एस.डब्ल्यू.ची पदवी, तेरा वर्षांचं काम, अकरा वर्षांचं लायसन्स. आणि त्या झाकणाखाली काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

ताईंना कसं ठाऊक? त्यांचा नवरा टॅक्सीवाला. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्याच्याकडे पद्मिनी होती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली ही काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. त्या टॅक्सीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या असायच्या, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. ताईंच्या घरातल्या टॅक्सीच्या बाटल्या नळाच्या रांगेत उभं राहून रोज पहाटे ताई भरायच्या. रविवारी नवरा गाडीखाली आडवा व्हायचा तेव्हा पाना, फडकं, टॉर्च हातात द्यायला त्या. कुठला पाइप कुठे जातो, कधी काय सुटतं, सगळं पाठ. “चाकावर मात्र एकदाही बसू दिलं नाही,” असं त्या म्हणाल्या, तेही तक्रारीच्या सुरात नाही.

गाडी कुलूप लावून सोडली आणि आम्ही चौघी त्याच भाऊंच्या रिक्षातून कोर्टात गेलो. त्यांच्या रिक्षाला रेडिएटरच नव्हता. बहुतेक रिक्षांचं इंजिन हवेवर थंड होतं, त्याला बाहेरून पत्र्यासारख्या पात्या असतात. “आम्हाला ही भानगड नाय मॅडम,” असं ते हसून म्हणाले. म्हणजे झाकणाबद्दल त्यांचं ज्ञान माझ्याइतकंच होतं. फरक एवढाच की हात घालताना त्यांना संकोच वाटला नाही.

कोर्टात पुढची तारीख मिळाली. नवऱ्याचं म्हणणं, टॅक्सी भंगारात गेली, आता उत्पन्न नाही. तो दुसऱ्याची टॅक्सी रात्रपाळीला चालवतो हे सगळ्या गल्लीला माहीत, पण कागदावर कुठे आहे? हे नेहमीचं दुखणं. कलम १२५ चं २०२४ मध्ये १४४ झालं तरी ते तसंच आहे. आज त्यावर लिहीत नाही.

परत आलो तेव्हा इंजिन निवलं होतं. ताईंनी ओढणीची चौपदरी घडी करून झाकणावर ठेवली, तोंड बाजूला केलं, झाकण थोडंसंच फिरवून थांबल्या, उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि मग काढलं. पाणी थोडं कमी होतं, ते हळूहळू भरलं. मग मला म्हणाल्या, “एसी बंद, हीटर पुरा चालू.” मे महिन्यात हीटर! पण हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याचा एक छोटा रेडिएटरच. तो आपल्या अंगावर उष्णता फेकतो तेवढी इंजिनाची कमी होते. घामाने निथळत आम्ही गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्याने बॉनेटही नीट उघडलं नाही. “हेड गॅस्केट गेलं. अठरा हजार. साहेबांना पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो.” साहेब कोण? आमच्या संस्थेत आम्ही नऊ बायका. मी चिडून काही बोलणार, तर ताईंनी मला विचारलं, “गाडी उभी असताना तापली की पळताना?” उभी असताना. “हायवेला काटा कुठे होता?” मध्यावर. “एसी?” एसी महिनाभरापासून सिग्नलला गार हवा देत नव्हता, गाडी पळायला लागली की द्यायचा. मी समजत होते गॅस संपला असेल. “मग पंखा फिरत नसणार,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खेरवाडीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन सुरू करून एसी लावला आणि पंख्याकडे बघत उभे राहिले. पंखा फिरेना. फ्यूज पाहिला, चांगला होता. हॉर्नचा रिले तसाच होता, तो काढून पंख्याच्या जागी बसवला, आणि पंखा फिरला. नवा रिले आणि मजुरी मिळून चारशे रुपये.

मैत्रिणींनो, मुद्दा अठरा हजार आणि चारशेतल्या फरकाचा आहेच, पण तेवढाच नाही. फसवणूक पुरुषांचीही होते. मला अस्वस्थ करतो तो ताईंचा प्रश्न: उभी असताना की पळताना? निदान त्या एका प्रश्नात होतं. तो विचारायला हत्यार लागत नाही, ताकद लागत नाही. गाडीच्या पोटात काय चाललंय याचं चित्र डोक्यात असावं लागतं. आणि ते चित्र आपल्यापैकी फार थोड्याजणींना कोणी दाखवलेलं असतं.

चित्र अवघड नाही. इंधनाच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी चालवायला लागतो, साधारण तितकाच धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात साठतो. तो काढून नेण्याचं काम पाण्याचं. पंप पाणी इंजिनाच्या भिंतींतून फिरवतो, ते तापून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतं, तिथे वाऱ्याने निवतं आणि परत जातं. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो; उभी राहिली की पंखा लागतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचं एक छोटं दार असतं. इंजिन थंड असेपर्यंत ते बंद राहतं, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतं. आणि रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही. ते आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे कूलंट मिसळलेलं पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपासपर्यंत टिकतं. प्रेशर कुकरच. शिट्टी पडत असताना कुकरचं झाकण काढायला आपल्यातली एकही जाणार नाही. तिथे दाब एकदम सुटला की उकळतं पाणी आणि वाफ एका क्षणात तोंडावर येते. चेहरा, मान, हात भाजतात.

हे चित्र एकदा बसलं की प्रश्न आपोआप सुचतात. रहदारीत तापते आणि पळताना निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले, वायर. पळतानाही तापते, घाट चढताना जास्तच, तर पाणी कमी आहे, किंवा रेडिएटर चोंदलाय, किंवा पंप नीट ढकलत नाही. सकाळी सुरू केल्यावर थोड्या वेळातच काटा चढतो आणि रेडिएटरकडचा खालचा पाइप अजून गारच आहे, तर थर्मोस्टॅटचं दार बंद अडकलंय. पाणी रोज कमी होतंय तर ते कुठे जातंय ते शोधायचं. गाडीखाली डाग, होज पाइपच्या तोंडाशी हिरवट-पांढरट साका, गोडसर वास, पुढच्या सीटपाशी पायाखाली ओल. कुठेच गळती दिसत नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर मात्र हेड गॅस्केट. तेव्हा गाडी चालवायचीच नाही, ओढून न्यायची. ‘गॅस्केट गेलं’ असं कोणी म्हणालं की यातलं काय दिसलं, हे विचारायचं.

आणखी एक गोष्ट मला मिस्त्रींनी सांगितली, ती सगळ्यात भीतीदायक वाटली. पाणी पूर्ण संपलं तर काटा कधीकधी खाली येतो! कारण तो पाण्याचं तापमान मोजतो. पाणीच उरलं नाही तर कशाचं मोजणार? बाई समजते गाडी निवली, आणि इंजिन जळत असतं.

बंद गाडीतही पंखा अचानक फिरायला लागू शकतो, तेव्हा ओढणी, केस, बांगड्या सांभाळायच्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. धातू एका जागी एकदम आकसला की तडा जातो. रेडिएटरमध्ये बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी कायम वापरलं तर नळ्यांत क्षार साठतो, आपल्या हंड्याच्या तळाला साठतो तसाच. कूलंट विषारी असून गोड लागतं, म्हणून बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. आणि ‘मुंबईत थंडी कुठेय’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. त्यांना नको म्हणायचं. इंजिन मग नीट तापतच नाही, तेल जास्त खातं आणि झिजतं.

हे सगळं मी आज लिहितेय, पण तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

आमच्या संस्थेने वस्तीतल्या बायकांसाठी मोटार चालवण्याचे दोन वर्ग घेतले. फोटो आहेत: हातात लायसन्स, चेहऱ्यावर हसू, मागे आमचा फलक. क्लच, गिअर, खुणा, पार्किंग सगळं शिकवलं. स्वसंरक्षणाचे दोन तास ठेवले, कायद्याचं सत्र ठेवलं. ते मीच घेतलं. बॉनेट एकदाही उघडलं नाही. कोणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने कर्ज काढून जुनी गाडी घेतली आणि ती भाड्याने चालवायला लागली. आठव्या महिन्यात गाडी हायवेवर तापली. प्रवाशाला विमानतळ गाठायचा होता, तो घाई करत होता. तिने तशीच रेटली, अगदी माझ्यासारखी. मग जमलेल्यांपैकी कोणीतरी बादली आणून इंजिनावर ओतली. हेडला तडा गेला. गाडी बावीस दिवस गॅरेजमध्ये, हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी गाडी उचलून नेली. नवरा म्हणाला, सांगत होतो ना. आज ती पुन्हा तीन घरची पोळ्यांची कामं करते.

आमच्या वार्षिक अहवालात तिच्या नावापुढे ‘कौटुंबिक अडचणींमुळे व्यवसाय थांबवला’ असं लिहिलंय. ते वाक्य माझं. तेव्हा ते मला खोटं वाटलं नव्हतं, कारण आमच्या फॉर्ममध्ये बायका काम सोडतात त्याची जी कारणं छापलेली होती त्यांत ‘शिकवणं अपुरं’ असा रकानाच नव्हता.

संस्थेत हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, “म्हणजे आता बाईने चालवायचंही आणि दुरुस्तही करायचं? पुरुष ड्रायव्हर तरी कुठे सगळं दुरुस्त करतात?” प्रश्न बरोबर आहे. ओझं वाढवायची आपल्याला सवयच आहे. बाईसाठी योजना म्हटली की तिच्या दिवसात आणखी दोन तास घुसडायचे. पण पुरुष ड्रायव्हर स्टँडवर उभा असतो. चहा पिता पिता चार जणांकडून ऐकतो, एखाद्याच्या गाडीत डोकं घालून बघतो. ते त्याचं विनाफीचं विद्यालय आहे आणि तिथे बाईला बाक नाही. तिने डोकं घातलं तर तीच बघण्याची वस्तू होते. म्हणून जे त्याला स्टँडवर मिळतं ते तिला वर्गात द्यावं लागेल. तिने मिस्त्री व्हावं असं माझं म्हणणं नाही. कधी थांबायचं, काय उघडायचं नाही आणि मिस्त्रीला काय विचारायचं, एवढं तरी.

रेल्वेचं पाहा. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरवत मुंबईला आणली, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. पण त्या कराडला विद्युत अभियांत्रिकीचा डिप्लोमा करून रेल्वेत गेल्या होत्या, आणि रेल्वे इंजिन चालकाच्या ताब्यात देण्याआधी बिघाड कसा शोधायचा हे शिकवते. घाटात इंजिन अडलं तर चालकाने काहीतरी करायलाच हवं, हे तिथे गृहीत आहे. रस्त्यावरच्या बाईसाठी ते कोणीच गृहीत धरत नाही. पुण्यात शीला डावरे यांनी १९८८ मध्ये रिक्षा हाती घेतली, त्याला साडेतीन दशकं उलटून गेली. २०१६ मध्ये राज्याने नव्या रिक्षा परवान्यांतले पाच टक्के स्त्रियांसाठी राखून ठेवले, २०२४ मध्ये गुलाबी ई-रिक्षांची योजना जाहीर केली. परवाना, कर्ज, रंग यांवर पुष्कळ चर्चा झाली. ई-रिक्षाला रेडिएटर नसेल, पण बॅटरीही तापते. ती तापली तर काय करायचं हे त्या बायकांना कोण सांगणार आहे, हा प्रश्न आपण मोर्चात विचारलेला मला आठवत नाही.

आणि यंत्र हे पुरुषाचं क्षेत्र, हे तरी कधीपासून? मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, जवळजवळ शंभर किलोमीटर, मोटारीने माहेरी गेली. नवऱ्याने, कार्ल बेन्झने, बनवलेली मोटार. आणि त्याच्या धंद्यात तिच्या हुंड्याचा पैसा. त्या इंजिनातलं पाणी तापून उडून जायचं, म्हणून वाटेत जिथे मिळेल तिथे ती पाणी भरत गेली. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. म्हणजे गाडी तापली की पाणी शोधणारी पहिलीही बाईच. पाणी भरण्याचं काम तेव्हापासून आपल्याकडेच राहिलं, चाक तेवढं हातून गेलं!

आता आमच्या तिसऱ्या वर्गाबद्दल. दर रविवारी सकाळी, गाड्या कमी असतात तेव्हा, आम्ही संस्थेच्या गाडीचं बॉनेट उघडून उभ्या राहतो. सतरा बायका आहेत. प्रत्येकीने झाकणावर जाड फडकं ठेवून ते उघडायचं (इंजिन थंड असताना, अर्थातच), फ्यूज काढून परत बसवायचा, पंखा फिरतो की नाही ते पाहायचं. पहिल्या रविवारी पोरांनी शिट्ट्या मारल्या, तिसऱ्या रविवारी त्यांतला एक जण आपली बाइक का तापते ते विचारायला आला. मिस्त्रीकाका महिन्यातून एकदा येतात. शिकवतात ताई.

ताईंना मानधन द्यायचं ठरलं, आणि तिथे आम्ही अडकलो. आमच्या वकील मैत्रिणीने सावध केलं: मानधन दिलं की नवऱ्याचा वकील ती पावती कोर्टापुढे ठेवणार, बाई कमावते, पोटगी कशाला? रविवारच्या तीन तासांचे पाचशे रुपये म्हणजे काही उदरनिर्वाह नव्हे, हे कोर्टाला पटवता येईल; पण त्यात आणखी दोन तारखा जातील. आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, पावतीशिवाय देऊ, प्रवासखर्च म्हणून दाखवू. बैठक दोन तास चालली. ताई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्याची गाडी मी सोळा वर्षं बिनपावतीची सांभाळली. आता पावती पाहिजे. माझ्या नावाची.”

पावती दिली आहे. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.